फोटो झाला, आता हललात तरी चालेल

गेल्या काही काळात मी फोटो कमी काढले आणि दुसऱ्यांचं काम जास्त पाहिलं. त्यावरून घरी बोलणीही खाल्ली, कारण मी पोटासाठी लग्नं शूट करते आणि सीझनमध्ये एखादी तारीख नाकारली की आई माझ्याशी धड बोलत नाही. नाशकातल्या कार्यालयांमध्ये माझी ओळख 'कँडिडवाली ताई' अशी आहे. स्टेजसमोर फ्लॅश लावून ठाण मांडून उभा असतो तो ट्रॅडिशनल, त्याच्या बाजूला ट्रायपॉडवाला व्हिडिओचा माणूस, आणि या दोघांच्या फ्रेममध्ये सारखी घुसून शिव्या खाते ती मी.

शिक्षण कॉमर्सचं. फोटोग्राफी शिकले ती सेकंड शूटर म्हणून, बॅगा उचलून आणि रात्री दोन-दोन वाजता डेटा कॉपी करत. त्यामुळे 'समकालीन कला' वगैरे शब्द कानावर पडले की माझी पहिली प्रतिक्रिया पाकीट सांभाळण्याची असते. तरीही या नादाला लागले, आणि त्याला कारण झाला जव्हार.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हारला जाता येतं. त्या पट्ट्यात बोहाडा असतो. गावातली माणसं देवांची, राक्षसांची सोंगं घेतात, मोठाले रंगवलेले मुखवटे चढवतात आणि रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. आम्हा कॅमेरावाल्यांसाठी ही पर्वणी. टेंभ्यांचा उजेड, धूर, मुखवट्याचे वटारलेले डोळे. आयएसओ ६४०० ला ठेवायचा, शटर जमेल तेवढं खाली आणायचं आणि दाबत सुटायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या इन्स्टाग्रामवर साधारण एकच फोटो असतो. माझ्याही. हे फोटो मला आजही आवडतात. त्यातला एक आमच्या हॉलमध्ये लावलाय आणि तो तिथेच राहणार.

मग एका मैत्रिणीनं गौरी गिल यांची 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका दाखवली. त्यातले मुखवटे बघून मी म्हटलं, अगं, हे तर जव्हारचे! होतेच जव्हारचे. गौरी गिल दिल्लीच्या. २०१५ पासून त्या जव्हार भागातल्या कोकणा आणि वारली समाजातल्या कागदी लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कारागिरांबरोबर हे काम करत आल्या आहेत. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे त्यातले दोघं भाऊ. गिल यांनी त्यांना देवांचे मुखवटे मागितले नाहीत. आजच्या जगण्यातले मागितले: माणसांचे, जनावरांचे, वापरातल्या वस्तूंचे. मग ते मुखवटे घालून गावातलीच माणसं आपापल्या रोजच्या जागी बसली. घरात, दुकानात, दवाखान्यात, शेतात.

भर दिवसाचा सपाट उजेड. धूर नाही, टेंभे नाहीत, रंग जसेच्या तसे. एरवी बरंचसं काम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करणाऱ्या बाईनं इथे रंग वापरलाय. बोहाड्याच्या माझ्या फोटोत मुखवटा सोडून दुसरं काही दिसतच नाही. या फोटोंत मी मुखवट्यावरून लगेच खाली सरकले. हात कुठे ठेवलेत, चपला कसल्या आहेत, खुर्चीत माणूस रेलून बसलाय की अवघडून बसलाय. चेहऱ्याच्या जागी पक्ष्याचं नाही तर जनावराचं डोकं आहे, आणि तरी खांद्यांवरून कळतं की हा दमलाय. लग्नात मी ज्या 'एक्स्प्रेशन'च्या मागे पळते, ते बहुतेक वेळा चेहऱ्यात शोधते. इथे चेहराच काढून घेतलाय.

दुसरं असं की हे फोटो चोरून काढलेले नाहीत. माझं सगळं शिक्षण चोरून काढण्याचं. समोरच्याला कळलं की क्षण गेला, असं आमचे दादा शिकवायचे (दादा म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी बॅगा उचलल्या ते). इथे समोरच्याला सगळं ठाऊक आहे. तो सोंग घेऊन बसलाय, कसं बसायचं हे त्यानंच ठरवलंय. फोटो काढणारीनं त्याला तेवढा वाव आणि तेवढा वेळ दिलाय.

यावर मैत्रिणीचं आणि माझं भांडण झालं. ती म्हणाली, ठीक आहे, पण न्यूयॉर्कच्या भिंतीवर नाव कुणाचं मोठं? ही मालिका २०१७ साली 'डॉक्युमेंटा १४' या मोठ्या कलाप्रदर्शनात होती, २०१८ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-१ या कलासंग्रहालयात. मी म्हटलं, कारागिरांची नावं दिलेली आहेत. ती म्हणाली, देणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं. तिचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. पण गिल यांचंच दुसरं काम आहे, 'फील्ड्स ऑफ साइट', तिथे हा हिशेब जास्त उघड मांडलाय. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे राजेश वांगड हे वारली चित्रकार. गिल यांनी त्यांच्या गावपरिसराचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की चालता चालता वांगड यांनी जे सांगितलं होतं ते या फोटोंत कुठेच आलेलं नाही. तेव्हा वांगड यांनी त्या फोटोंवरच चित्रं काढली. जंगल, देव, जुन्या गोष्टी, गावावर आलेली संकटं, सगळं बारीक रेघांत. फोटोत डोंगर आहे, आणि त्या डोंगराबद्दल गावाला काय काय माहीत आहे ते वरच्या रेघांत आहे. कामावर दोघांचं नाव आहे. पालघर जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी जगभर फिरून आल्यावर मग मला कळाव्यात याचं थोडं वाईट वाटतं, पण ते असो.

इथून पुढे मी जे काही पाहत गेले त्यात एकच गोष्ट शोधत होते. समोरच्या माणसाला त्या फोटोत, त्या व्हिडिओत, किती वेळ मिळतो आणि किती हिस्सा मिळतो.

या शोधात सगळ्यात मोठा धक्का दिला मुंबईच्या 'कॅम्प'नं. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी २००७ मध्ये सुरू केलेला हा स्टुडिओ. त्यांची 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' ही २०१३ ची फिल्म ८३ मिनिटांची आहे. विषय कच्छ, सिंध, बलुचिस्तान, दक्षिण इराण इथल्या खलाशांचा. हे लोक लाकडी गलबतांवरून शारजाहहून सोमालियापर्यंत माल नेतात. फिल्ममधला बराच भाग या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेला आहे. जुने, साधे मोबाइल. चित्र फुटतं, पिक्सेलचे चौकोन दिसतात, रंग उडालेले. आणि त्यांनी स्वतःच व्हिडिओंवर गाणी चढवलेली. बंदरात एकमेकांच्या फोनवर व्हिडिओ पाठवताना ती गाणीही सोबत जायची.

लाट डेकवर येते, कुणीतरी हसतं, कॅमेरा पडता पडता वाचतो. मी ४-के, १०-बिट वगैरे गोष्टींवर कर्ज काढलेली बाई, आणि त्या फुटक्या चित्रासमोर तासाभराहून जास्त वेळ हलले नाही. बाहेरून गेलेला कितीही चांगला कॅमेरामन असता तरी त्याला हे मिळालं नसतं. कारण खलाशी हे चित्रीकरण आम्हाला दाखवायला करतच नव्हते. घरच्यांना, दुसऱ्या गलबतावरच्या मित्राला दाखवायला करत होते. कॅम्पनं ते मागून घेतलं, लावलं, जोडलं, आणि गाणी तशीच ठेवली. गाणी काढून त्या जागी गंभीर व्हायोलिन लावायचा मोह मला नक्की झाला असता.

त्यांचंच 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' मी कोचीच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, पाहिलं. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते, स्लीपरचं तिकीट काढलं आणि गेले. (बिएनालेत काय काय वाईट होतं यावर वेगळं लिहिता येईल. एका अंधाऱ्या खोलीत तर हेडफोनच बंद होता आणि लोक तो कानाला लावून माना डोलवत होते.) 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' हे २०२२ चं काम, सात पडद्यांवरचं. मुंबईतल्या एका उंच इमारतीवर बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यानं केलेलं चित्रीकरण. हा कॅमेरा म्हणजे चौकात असतो तसाच, लांबून फिरवता येणारा, वर-खाली होणारा, भयंकर झूम असलेला. तो आकाशापासून सुरू करतो आणि हळूहळू खाली येतो. टॉवर, मग टॉवरच्या मधल्या मजल्यांवरचं बांधकाम, मग पत्रे, निळ्या ताडपत्र्या, गच्चीवर कपडे वाळत घालणारं कुणीतरी, रस्ता. सगळे पडदे एकदम खाली सरकतात तेव्हा पोटात गोळा येतो, जत्रेतला पाळणा खाली येताना येतो तसा.

ज्या यंत्राचं काम लोकांवर नजर ठेवणं, त्याच यंत्रानं हे केलंय. मी अजून या प्रश्नात अडकलेली आहे: त्या गच्चीवरच्या बाईला विचारलेलं नाही. खलाशांच्या फिल्ममध्ये हिस्सा होता, इथे तो नाही. तरीही हे काम मला खोटं वाटत नाही. कदाचित यासाठी, की मुंबईत कोण कुणावरून खाली बघतं हाच त्याचा विषय आहे आणि बघणारा स्वतःला त्यातून वगळत नाही. पण हे माझं मत पक्कं नाही, आणि मैत्रिणीला मी ते अजून सांगितलेलं नाही.

व्हिडिओ आर्ट हे काल-परवाचं फॅड आहे असं मी धरून चालले होते. पण चित्रकार नलिनी मलानी १९६९ मध्ये मुंबईत फिल्मचे प्रयोग करत होत्या. चित्रकार अकबर पदमसी यांनी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' नावाचा एक उद्योग तेव्हा सुरू केला होता. चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले एकत्र यावेत, कॅमेरा आणि एडिटिंगची साधनं सगळ्यांना वापरायला मिळावीत, अशी कल्पना. जे. जे. मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मलानी तिथे गेल्या. त्यांची 'युटोपिया' नावाची एक जोडफिल्म आहे, १९६९ ते १९७६ या काळातली. दोन प्रक्षेपणं शेजारी-शेजारी. एका बाजूला रंगीत, इमारतींच्या छोट्या मॉडेलवर एकेक फ्रेम करत केलेलं ॲनिमेशन: नव्या देशातली स्वप्नातली घरं. दुसऱ्या बाजूला काही वर्षांनी काढलेली ब्लॅक अँड व्हाइट फिल्म: एक तरुणी मुंबईकडे बघत उभी आहे आणि समोर झोपड्या आहेत. एवढंच. चार मिनिटांच्या आतलं काम. एकही शब्द न उच्चारता दोन पडद्यांमधल्या फटीत काय झालं ते कळतं.

मलानी यांना २०२३ चा क्योटो पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या फोटोग्राफर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी चर्चा होती ती नव्या लेन्सच्या किमतीची. मी बातमी टाकली. एक अंगठा आला.

पदमसींची स्वतःची गोष्ट तर आणखी चटका लावणारी आहे. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' नावाची फिल्म त्यांनी तेव्हा केली होती. ती हरवली. नंतर पुष्कळ वर्षांनी, २०१६ च्या सुमारास, आशिम अहलुवालिया या दिग्दर्शकानं म्हाताऱ्या पदमसींना बरोबर घेऊन ती आठवणीतून पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. मी त्या दिवशी रात्री उठून माझ्या हार्ड डिस्कची दुसरी कॉपी केली.

आणि आणखी मागे जायचं तर आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांपर्यंतच जावं लागतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आमच्याकडे तिथे प्रीवेडिंग शूटसाठी फार मागणी असते. फाळके आधी फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता. इंग्लंडहून फिल्मचा कॅमेरा आणल्यावर, १९१२ मध्ये, राजा हरिश्चंद्राच्याही आधी, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. दिवसाला एक फ्रेम, महिनाभराहून जास्त. दाखवताना मिनिटभरात बी उगवून वेल होते. भांडवल घालणाऱ्यांना पटवायला त्यांनी ती केली होती. पण मला त्यात दिसतो तो एक फोटोग्राफर, जो रोज एकच फोटो काढतोय आणि बाकी काम काळावर सोपवतोय.

उलट टोकाला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल. त्यांनी १९६४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवर कॅमेरा रोखून आठ तासांची फिल्म केली. ती मी पूर्ण पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. पण त्यांच्या 'स्क्रीन टेस्ट्स' मात्र माझ्या थेट धंद्याच्या निघाल्या. १९६४ ते १९६६ या काळात स्टुडिओत येणाऱ्या माणसाला ते कॅमेऱ्यासमोर बसवायचे, हलू नका म्हणायचे आणि १०० फुटांचा रोल संपेपर्यंत कॅमेरा चालू. अडीच-पावणेतीन मिनिटं. दाखवताना वेग कमी करायचे, मग ते चार मिनिटांच्या वर जायचं. आवाज नाही. पहिला अर्धा मिनिट माणूस पोझ टिकवतो. मग पापणी लवते, गिळतो, कंटाळतो, चिडतो, एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं.

स्टेजवर रोज हेच होतं की! "मामा कुठायत? मामांना बोलवा. काकू, जरा आत सरका. इकडे बघा, एक, दोन..." पंधरा-वीस माणसं श्वास रोखून उभी. क्लिक झालं की ट्रॅडिशनलवाला म्हणतो, "झालं, थँक्यू," आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत जे घडतं ते कुणीच बघत नाही. नवरीचे खांदे खाली येतात. आत्या पदर सोडते. कडेचा छोटा मुलगा, ज्याचं मनगट धरून ठेवलेलं होतं, तो सुटतो. ज्यांचं आपसात पटत नाही ते दोन भाऊ, जे फोटोपुरते खांद्याला खांदा लावून होते, ते एकमेकांकडे न बघता विरुद्ध जिन्यांनी उतरतात. मी माझा कॅमेरा व्हिडिओवर ठेवायला लागले आणि 'झालं' नंतरचा भाग जमवायला लागले. घरच्यांना आधी सांगून, अर्थात. एका नवरीनं तर नंतर सगळा सिनेमॅटिक हायलाइट बाजूला ठेवून तेवढेच तुकडे परत परत मागवले. एका घरानं मात्र ते पाहून सरळ सांगितलं, हे कुणाला दाखवू नका. नाही दाखवलं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. फोटोवाल्यांचा हात शटर वाढवण्याकडे जातो, व्हिडिओत तो आवरावा लागतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० किंवा १/१०० ला कार्यालयातले बहुतेक एलईडी लुकलुकत नाहीत. डेकोरेशनवाल्याच्या स्वस्त रंगीत पट्ट्यांची खात्री मी देत नाही. उन्हात १/५० ठेवायचं तर एनडी फिल्टर (लेन्समधला उजेड कमी करणारी काच) लागतो, तो चांगला घ्या. आणि गिंबल (कॅमेऱ्याचे हादरे खाणारा दांडा) घरी ठेवा. कॅमेरा तरंगायला लागला की बघणाऱ्याचं लक्ष माणसावरून कॅमेऱ्यावर जातं.

स्थिर आणि हलतं यांच्या मधल्या जागेत काम करणारे दोन जण इथे सांगायलाच हवेत. रणबीर कालेका १९९८-९९ पासून रंगवलेल्या कॅनव्हासवर व्हिडिओ टाकतात. ईझलवर माणसाचं चित्र आहे, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचं, आणि त्याच चित्रावर त्याच माणसाचा व्हिडिओ. रंग स्थिर आणि वरचा उजेड हलतोय. माणूस जरासा हलला की खालचं चित्र आणि वरचा माणूस सुटे होतात, परत जुळतात. आणि सोहराब हुरा, १९८१ चा जन्म, मॅग्नम या फोटोग्राफरांच्या जागतिक संस्थेचे सभासद झालेले. 'द कोस्ट' या त्यांच्या पुस्तकात एकच छोटी विचित्र गोष्ट बारा वेळा येते, दर वेळी थोडी बदललेली. याच फोटोंमधून त्यांनी केलेल्या व्हिडिओत फोटोंच्या जोड्या शेजारी-शेजारी येतात, आधी सावकाश, मग वेग वाढत जातो, इतका की खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं ते ठरवायला डोळ्यांना सवडच मिळत नाही. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी आपलं जे होतं तेच. मला डोकेदुखी झाली. काम जमलेलं आहे.

आता माझं स्वतःचं. लग्नात वरातीपुढे जो ब्रास बँड असतो त्यांच्याबद्दल मला काहीतरी करायचं होतं. डीजे आणि बँजोनं त्यांच्या सुपाऱ्या बऱ्याच खाल्ल्या आहेत. सीझन नसला की त्यातला कुणी रिक्षा चालवतो, कुणी द्राक्षाच्या छाटणीला जातो. पहिल्यांदा मी आमच्या पद्धतीनंच सुरुवात केली: पितळी कॉर्नेटवर पडलेला उजेड, लाल कोट, सोनेरी झालर. फोटो देखणे आले. मग खलाशी आठवले. मी मास्टरांना (बँडच्या म्होरक्याला मास्टरच म्हणतात) विचारलं, तुम्ही लोक फोनवर जे व्हिडिओ काढता ते मला द्याल का?

"त्यात काय बघायचंय ताई?"

"जे असेल ते."

"पैसे?"

पैसे ठरले. मास्टरांनीच ठरवले, प्रत्येकाला अर्ध्या सुपारीचे. शिवाय शेवटी प्रत्येकाचं नाव, वाद्यासकट.

व्हिडिओ येत गेले. व्हॉट्सॲपनं पिळून काढलेले, उभे, कुणाचे तीन सेकंदांचे, कुणाचे दोन मिनिटांचे. टेंपोच्या मागून रात्रीचा रस्ता. टेंपोच्या टपावर वाळत घातलेले कोट. शेवटच्या पंगतीत जेवताना एकानं दुसऱ्याच्या ताटातली जिलबी पळवली ते. जिन्याखाली कोटाची उशी करून झोपलेला ताशेवाला, आणि त्याच्या नाकात कागदाची सुरळी घालणारा हात. डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या एका बाईनं स्वतःचाच काढलेला, दिवा उतरवल्यावर मान डावीकडे-उजवीकडे वळवतानाचा. माझ्या हजारो फोटोंत तिची मान नाही. दिवे आहेत.

आणि जवळजवळ प्रत्येकावर रीलचं गाणं चढवलेलं. स्वतः वाद्य वाजवणारी ही माणसं, पण व्हिडिओवर गाणं दुसऱ्याचं. मी गाणी ठेवली. त्याचा परिणाम असा, की हे काम मला ऑनलाइन टाकता येत नाही, गाण्यांच्या हक्कांमुळे लगेच खाली येईल. म्हणून इथे लिंक नाही, कृपया मागू नका.

मग दाखवायचं कुठे? इथे मला फोटोग्राफर दयानिता सिंग उपयोगी पडल्या. त्यांचं सगळं डोकं फोटो ठेवायचे कुठे आणि कसे यावर चालतं. उघड-मीट होणारे लाकडी सांगाडे, ज्यांत फोटो बदलत राहतात, त्यांना त्या संग्रहालय म्हणतात. 'म्युझियम भवन' तर खोक्यात मावतं, घडी उलगडणाऱ्या नऊ छोट्या पुस्तकांचं. आणि 'सेंट अ लेटर' ही त्यांची घडीची पुस्तकं कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या काचेत मांडलेली होती. २०२२ चा हॅसलब्लाड हा फोटोग्राफीतला मोठा पुरस्कार मिळवणारी बाई सराफाच्या काचेत फोटो लावते, तर मी गॅलरीची वाट कशाला बघू? बँडचं स्वतःचं दुकान आहे रस्त्यावर. सोनेरी अक्षरांची पाटी, खुंट्यांवर कोट, कोपऱ्यात टीव्ही. त्या टीव्हीवर लावायचं, शटर अर्धं उघडं ठेवून, सीझन नसलेल्या एका संध्याकाळी.

मास्टरांना कल्पना आवडली. पहिला कट त्यांना दाखवला. सगळी पथकातली पोरं दुकानात दाटीवाटीनं बसली होती, शिट्ट्या वगैरे झाल्या. मग मास्टर म्हणाले, बनियनवर मी तोंड धुतोय तो भाग काढायचा. त्या तुकड्यात नळाला पाणी येत नाही आणि ते नळाला शिव्या न देता क्लॅरिनेटची एक ओळ गुणगुणत वाट बघतात. पूर्ण फिल्ममध्ये बँडचं स्वतःचं असं एवढंच संगीत आहे. मी म्हटलं, मास्टर, तोच तर जीव आहे. ते म्हणाले, असेल, पण माझी सून बघणार आहे.

सध्या बोलणी इथवर आली आहेत: चित्र काढायचं, गुणगुणणं ठेवायचं, आणि त्या काळ्या पडद्याच्या बदल्यात त्यांचा नातू पहिल्यांदा झांज वाजवतो तो व्हिडिओ शेवटी लावायचा, पूर्ण, दोन मिनिटं दहा सेकंद. मी एक मिनिटावर आणायला बघतेय. ते ऐकत नाहीत.